स्लाऊची पॉइंट गार्ड

एका हिवाळ्यात मी अमेरिकेतल्या एका कॉलेजची स्काउट, म्हणजे चांगले खेळाडू हेरणारी, झाले होते. पगार नव्हता, ओळखपत्र नव्हतं, आणि हे काम मला दिलंय हे माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं. एरवी मी बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर टेस्ट करायचे आणि वीकेंडला इस्त्री.

इस्त्रीच करत होते, तेव्हा ओहायोहून मैत्रिणीचा फोन आला. नागपूरला आम्ही दोघी युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघात होतो. ती पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन वर येणारी आणि बाकीच्या चौघींनी कुठे पळायचं ते ठरवणारी. मी त्या चौघींतली एक. एका अमेरिकन माणसाशी लग्न करून ती अमेरिकेला गेली आणि तिथल्या एका लहानशा कॉलेजच्या मुलींच्या संघाची असिस्टंट कोच झाली. मी लग्न न करता इंग्लंडला आले आणि बॉलला हात लावायचंच विसरले.

"काय करून राहिली?"

"इस्त्री."

"ठेव ती. स्लाऊ तुझ्यापासून किती लांब आहे?"

स्लाऊच्या एका क्लबनं तिला डीव्हीडी पाठवली होती. सिक्स्थ फॉर्ममधली, म्हणजे आपल्याकडच्या बारावीतली मुलगी, पॉइंट गार्ड, पुढच्या वर्षी कॉलेजला येऊ शकेल अशी. "डीव्हीडीत काय, बॉल बास्केटमध्ये पडला तेवढंच दाखवतात," मैत्रीण म्हणाली. "बॉल पडत नाही तेव्हा ती काय करते, ते मला पाहिजे. तू जाऊन बघ. आणि कोणाला सांगू नको काहून आली ते."

मी इस्त्री बंद केली. मला एकदम इतका आनंद झाला की शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं दार वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी मोठ्यानं गात होते म्हणे.

शनिवारी रेडिंगला गाडी बदलून स्लाऊला पोहोचले. मॅच एका शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये होती. जमिनीवर बॅडमिंटन, नेटबॉल, फुटबॉल अशा सगळ्या खेळांच्या रंगीत रेघा एकमेकींवर चढलेल्या, त्यातल्या बास्केटबॉलच्या कुठल्या ते कळायलाच मला बराच वेळ लागला. प्रेक्षक म्हणजे अंगात कोट आणि हातात मशीनचा चहा घेतलेले आईवडील. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि चेहरा शक्य तितका कंटाळलेला ठेवला.

ती मुलगी लगेच ओळखू आली. मैदानावरची सगळ्यात बुटकी तीच होती. केस घट्ट बांधलेले, चड्डी गुडघ्याखाली आलेली. पण बॉल तिच्या हातात आला की बाकीच्या मुली आपोआप पसरायच्या. मग तिनं हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडली, "पोहे!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तोवर त्यांच्या दोन मुली, एक पंजाबी आणि एक सोनेरी केसांची, सुसाट समोरच्या बास्केटकडे सुटल्या होत्या. लांब पास, बास्केट. पुढच्या वेळी ती म्हणाली, "वरण," आणि सगळा संघ सावकाश खेळू लागला, बॉल इकडून तिकडे, कोणाला घाई नाही. समोरचा संघ वैतागला. मग "थालीपीठ" आलं, तेव्हा पाचही जणी समोरच्यांच्या अंगावर धावून गेल्या आणि त्यांना हातभर जागा राहिली नाही. पोहे झटपट होतात, वरण मंद आचेवर शिजतं, थालीपीठ सगळ्या बोटांनी दाबून थापायचं असतं. त्या हॉलमध्ये हे कळणारी बहुतेक मी एकटीच होते, आणि मला हसू आवरत नव्हतं. मी मफलर तोंडात कोंबला.

एवढं होईस्तोवर ठीक होतं. पण दुसऱ्या हाफमध्ये ती बॉल घेऊन उभी असताना समोरच्या संघाची एक उंच मुलगी मागून हळूच येताना मला दिसली, आणि मी काही कळायच्या आत ओरडले, "मागे बघ गं, मागे!"

ती गर्रकन वळली, बॉल वाचवला, पास दिला. मग क्षणभर खेळ सोडून तिनं थेट माझ्याकडे बघितलं.

मॅच संपल्यावर मी दाराकडे सटकत होते, तोच ती पाण्याची बाटली घेऊन आडवी आली.

"काकू, तुम्ही मराठी आहे?"

मी अजून तिशीसुद्धा ओलांडली नव्हती, पण ते जाऊ दे. "हो."

"तुम्ही कोणाला बघायला आलाय?"

"मी? मी बॅडमिंटनसाठी. कोर्ट बुक करायला."

तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "तुमचा रॅकेट कुठे आहे?"

मी हात कोटाच्या खिशात घातले. मग आम्ही दोघीही हसायला लागलो आणि माझं हेरखातं तिथंच बुडालं. तेवढ्यात तिची आई आली. दादरची, लग्नानंतर स्लाऊला आलेली, तिथल्याच हॉस्पिटलात नर्स. मराठी बोलणारी बाई एकटी आली आहे म्हटल्यावर तिनं मला घरीच नेलं. वडील चष्म्याच्या दुकानातून आले तेव्हा मी त्यांच्या टेबलावर खिचडी खात बसले होते.

खरं कारण सांगावंच लागलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण आम्ही दोघंही हे असे," ते म्हणाले आणि आपल्या डोक्यापर्यंत हात नेला. "ही अजून वाढणार नाही. तिथल्या मुली केवढ्या असतात. आमच्या पोरीची कोणी चेष्टा तर करत नाही ना?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "मी बसलीय इथे."

मी म्हणाले की ठरवणारी मी नव्हे, पण मी जे पाहिलं तेच सांगणार आहे. रविवारी फोनवर सगळं सांगितलं. डावा हात कच्चा आहे. लांबून नेम चुकतो. पण बॉल पडत नाही तेव्हा ती बास्केटकडे बघत राहत नाही, आधीच परत पळत असते आणि पळता पळता मैत्रिणींना जागा दाखवत असते.

"उंची?"

"माझ्याएवढी."

"म्हणजे नाहीच." पलीकडे ती हसत होती. मग पोह्यांचं सांगितलं, तेव्हा फोन थोडा वेळ नुसता खिदळत राहिला. "मी येते," ती म्हणाली. "मला लीड्सला एक उंच पोरगी बघायची आहेच. पण मी मराठी आहे हे त्या लोकांना सांगू नको. तिची आई माझ्यासाठी डबा आणेल, आणि मग मला नीट बघता येणार नाही."

ती आली, कॉलेजचं जाड जॅकेट घालून, आडनावानं आणि बोलण्यानं पक्की अमेरिकन. ही कोण ते क्लबच्या कोचनं मुलीला सांगून ठेवलं होतं, आणि त्याचा परिणाम लगेच दिसला. पहिल्याच पासला बॉल भिंतीवर. नंतर समोरच्या मुलीला धडकली, मग आणखी एकीला. मी मैत्रिणीकडे बघायचं टाळत होते. शेवटचा क्वार्टर सुरू होतो न होतो तोच मुलीचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल म्हणजे बाहेर. अमेरिकेहून आलेल्या कोचसमोर ती बाकावर जाऊन बसली, टॉवेल डोक्यावर घेऊन.

तिच्या जागी एक लाल केसांची, घाबरलेली मुलगी गेली. दोनदा बॉल घालवला. तेव्हा टॉवेल खाली आला. बाकावरची ही उठली आणि ओरडली, "वरण! वरण, स्लोली!" रेफरीनं बसायला सांगितलं. ती बसली आणि बसून ओरडू लागली. त्या लाल केसांच्या मुलीला तिनं बाकावरून अक्षरशः चालवलं. कुठे वळ, कोण मोकळं आहे, थांब, आता दे. मराठी, इंग्रजी आणि हातवारे. स्वतःची मॅच गेली होती हे ती विसरूनच गेली होती. शेवटी तिनं "थालीपीठ!" पुकारलं आणि संघ मागून वर येत येत एका बास्केटच्या फरकापर्यंत आला.

माझ्या शेजारी मैत्रीण पुढे झुकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसण्याचं. "अगं, ही तर मी आहे," ती म्हणाली. "नाही, माझ्यापेक्षा बरी आहे. मी बाहेर बसले की रुसायची."

"हो, आठवतंय."

मॅच त्या एका बास्केटनं हरल्या. मुलगी आमच्यासमोर आली ती आधीच माफी मागायच्या बेतात. मैत्रिणीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "थालीपीठ थोडं उशिरा लावलं तू. पाच मिनिटं आधी लावती, तर मॅच जिंकली असती."

मुलीचं तोंड उघडं राहिलं. तिनं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "ही पण?" एवढंच ती म्हणू शकली. मागे तिची आई मटकन खुर्चीत बसली आणि मग, अर्थातच, पिशवीतून डबा निघाला. आम्ही चौघी त्या रंगीत रेघांच्या जमिनीवर मांडी घालून बटाट्याच्या काचऱ्या आणि पोळ्या खात बसलो, आणि केअरटेकर दिवे घालवायला येऊन आमच्याकडे बघत उभा राहिला. मैत्रिणीनं त्यालाही पोळीचा रोल करून दिला.

लीड्सची उंच मुलगी दुसऱ्याच कॉलेजला गेली. स्लाऊची बुटकी ऑगस्टमध्ये ओहायोला गेली. पहिल्या वर्षी तिला फार खेळायला मिळालं नाही. दुसऱ्या वर्षापासून सुरुवातीच्या पाचांत होती. वडिलांनी घरातल्या घड्याळाशेजारी ओहायोच्या वेळेचं दुसरं घड्याळ लावलं आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांची तपासणी करताना तिच्या मॅचबद्दल बोलायला लागले.

त्या हिवाळ्यात मैत्रिणीला हीथ्रोला सोडून मी परत येत होते, तेव्हा अंगात काहीतरी सळसळत होतं. त्याच आठवड्यात मी बूट विकत घेतले आणि बेसिंगस्टोकच्या बायकांच्या संघात बुधवारी खेळायला गेले. सगळ्या माझ्याहून तरुण. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसचा जिना चढवेना. बॉसनं विचारलं, पडलीस की काय. मी कठडा धरून, एकेक पायरी चढत, भलतीच खूश होऊन त्याला म्हणाले की नाही, मी पुढच्या बुधवारीही जाणार आहे.