समोरच्यांनी घेतलेला क्लब

चार माणसं एकाच हरणाऱ्या टीमवर जीव टाकून बसली की किस्से आपोआप तयार होतात. जिंकणाऱ्यांच्या कपाटात कप असतात, आमच्याकडे किस्से आहेत! आणि ते इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच पाय घालतो. म्हणून आज फक्त आमचा क्लब विकला गेला त्या वर्षातलेच सांगते. एखादा आधीचा घुसला तर चालवून घ्या.

आमचा क्लब म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावाचा जुना फुटबॉल क्लब. नाव सांगत नाही. लीगचं टेबल खालून वाचायला घ्या, लगेच सापडेल! आणि 'आम्ही' म्हणजे देवबागचा इनासबाब, त्याची बायको रोझीबाय, वालावलचे दाजी परब आणि मी. देवबागला इनासबाबचं होमस्टे आहे. दाजींची वालावलला भातशेती आणि काजूची बाग. माझं मालवणात मेडिकलचं दुकान. इनासबाब दर सोमवारी माझ्याकडे बीपी मोजायला यायचा. एका सोमवारी आकडा बघून मी घाबरलेच. म्हटलं, "जेवणात मीठ जास्त झालं का?"

"मीठ नाय गो बाय," तो म्हणाला, "शेवटच्या मिनटाक पेनल्टी झाली!"

तेव्हापासून मीही मॅच बघायला लागले. आता माझंही बीपी मोजावं लागतं.

* * *

हा क्लब देवबागला आला कसा, ते आधी सांगायला हवं. इनासबाब तरुणपणी मालवाहू बोटीवर कुक होता. एकदा बोट त्या बंदराला लागली आणि सुटी मिळाली म्हणून हा गाव बघायला उतरला. बघतो तर बायका, बाप्ये, पोरंटोरं, सगळी गळ्यात एकाच रंगाचे मफलर घालून, गात गात एकाच दिशेनं चाललेली! याला वाटलं, कुठल्यातरी सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, फेस्त आहे, जत्राच! यानं भक्तिभावानं टोपी काढून हातात घेतली आणि गर्दीबरोबर चालायला लागला.

दारात पोचल्यावर कळलं की आत जायला तिकीट लागतं. शेजारी चालणाऱ्या एका म्हाताऱ्यानं याचं तिकीट काढलं, आत नेऊन स्वतःजवळ बसवलं आणि हा थंडीनं कुडकुडतोय म्हणून आपला मफलर काढून याच्या गळ्यात घातला. समोर देऊळ नाही, चर्च नाही, हिरवंगार मैदान! आमचा क्लब त्या दिवशी चार गोल खाऊन हरला. आणि लोक शेवटपर्यंत गात होते.

"चार गोल खावन गातंत!" इनासबाब अजून डोळे मोठे करून सांगतो. "मगे माका कळला, ही माणसां आपली."

* * *

तर, क्लब विकल्याची बातमी दाजींनी आणली. देवबागच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेकडे बोट दाखवलं, तर समुद्रापलीकडे जे देश येतात, त्यातल्याच एका देशाच्या सरकारी पैशातून क्लब घेतला होता. म्हणून आम्ही त्यांना 'समोरचे' म्हणायला लागलो. त्या देशाबद्दल बरंच वाईट छापून येत होतं. सरकारविरुद्ध बोललं की माणूस आत, आणि बाहेरून आलेल्या कामगाराचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. इंग्लंडात निम्मे लोक नाचत होते, निम्मे मोर्चे काढत होते. देवबागलाही तेच. फक्त निम्मे म्हणजे दोन!

"विकलो?" इनासबाब खुर्चीतून उठलाच. "कोणाक इचारून? क्लब म्हणजे दुकान काय? क्लब म्हणजे देवूळ!"

रोझीबाय आतून सोलकढी घेऊन येत होती. पेले खाली ठेवत म्हणाली, "देवळात इतके गोल पडनत नाय."

* * *

दाजी खूश होते. एवढा पैसा येणार म्हणजे चांगले खेळाडू येणार, मग आयुष्यात एकदा तरी कप बघून मरता येईल, असा त्यांचा सरळ हिशोब. "काजी धरली काय झाला!" ते म्हणायचे. "खत खंयचा घातला ता काजूक इचारतस काय?"

मग मी त्यांना नीट समजावून सांगितलं. म्हटलं, "दाजी, एखाद्या शेटनं घेतला असता तर गोष्ट वेगळी. हा सरकारनं घेतलाय."

दाजींचा चेहरा एकदम पडला. "सरकारान? म्हणजे क्लब सरकारी झालो?"

"तसंच समजा."

"मगे मेलोच मां! आता गोल मारूक पण सातबारो लागतलो!"

* * *

विरोध करायचा तर नीट करायचा, असं इनासबाबनं ठरवलं. होमस्टेतली एक पांढरी चादर घेतली, निळ्या रंगानं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमचा क्लब विकणे नाही', आणि दोन माडांच्या मध्ये, समुद्राकडे तोंड करून बांधली. म्हणजे समोरच्यांना दिसावी!

समोरच्यांना दिसली की नाही माहीत नाही. किनाऱ्यावरून फिरणाऱ्या एका जमिनीच्या एजंटला मात्र दिसली. तो लगेच आत आला, खुर्ची ओढून बसला.

"काका, अपेक्षा काय आहे?"

"कसली अपेक्षा?"

"क्लबची हो. बीच क्लब ना? घेणारी पार्टी माझ्याकडे तयार आहे."

इनासबाबनं त्याला हाताला धरून बाहेर नेलं आणि चादर दाखवली. "मराठी वाचूक येता मां? विकणे नाही!"

एजंट हसला. "काका, वीस वर्षं या धंद्यात आहे. ज्याला विकायचं नसतं, तो पाटी लावत नाही!"

संध्याकाळी चादर उतरली.

* * *

इथवर सगळी गंमत चालली होती. मग आंतोनचा फोन आला.

आंतोन हा इनासबाबचा एकुलता एक मुलगा. तो त्याच देशात एसी दुरुस्तीचं काम करतो. व्हिडिओ कॉलवर पोरगं आनंदानं नाचत होतं. "पप्पा, बघलास? आपलो क्लब आता हयल्या लोकांनी घेतलो! मी जंय काम करतंय तेंनीच!"

इनासबाब हसला नाही. "तुझो पगार ते देतत, ता बरा. माझो क्लब तेंका नको."

"कित्याक पण?"

"सुहासाच्या बापाशीक इचार कित्याक."

सुहास कुडाळकडचा. आंतोनच्याच खोलीत राहायचा. त्याचे वडील वारले तेव्हा कंपनीनं पासपोर्ट वेळेत सोडला नाही. बापाला अग्नी दिला पुतण्यानं, आणि मुलानं ते मोबाइलवर बघितलं. आंतोनच्या सांगण्यावरून इनासबाब आणि रोझीबाय त्या दिवशी सुहासच्या गावी गेले होते. मोबाइल हातात धरून उभा होता तो इनासबाबच.

आंतोन म्हणाला, "पप्पा, तू मॅच बघतस तो टीव्ही पण हयल्याच पैशान घेतलेलो आसा."

इनासबाबनं फोन ठेवला, आत गेला, लग्नकार्यात काढायचा लेसचा टेबलक्लॉथ आणला आणि टीव्हीवर घातला.

रोझीबायनं दारातून बघितलं. "बरा दिसता," ती म्हणाली. "चर्चातल्या नवरेसारखो वेल घातलंस, आता नवरो पण बघ!"

* * *

देवबागचा टीव्ही बंद झाल्यावर मॅच दाजींकडे, वालावलला व्हायला लागल्या. इनासबाब रोझीबायला स्कूटरवर मागे बसवून यायचा, पण अट घालून. "मी दाजीक भेटूक येतंय. मॅच बघूक न्हय." आणि खरंच टीव्हीकडे पाठ करून बसायचा! भिंतीकडे तोंड, हातात चहा, चेहरा एखाद्या संतासारखा.

एका शनिवारी मात्र तो भलताच चिडला. "ह्या डाव्या बाजूच्याक काढा रे! सकाळपासून झोपलेलो आसा! बॉल सोडता, माणूस सोडता!"

दाजी म्हणाले, "अरे, डावो तर आज बरो खेळता. झोपलो हा तो उजवो!"

"डावो!"

"उजवो!"

मला संशय आला. पाठमोऱ्या माणसाला हे कळतं कसं? मी उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. समोर दाजींच्या सुनेचं नवीन शोकेस होतं. आत स्टीलचे डबे, बाहेर लख्ख पुसलेली काच, आणि काचेत अख्खी मॅच!

मी परत जागेवर जाऊन बसले. पण रोझीबायनं माझी नजर पकडली होती. पुढच्या शनिवारी ती दाजींच्या सुनेला म्हणाली, "तुझो शोकेस बरो आसा गो. ह्यांच्या बाजूक आणखी जरा फिरय. तेंका सगळा उलटा दिसता!"

* * *

नाताळला आंतोन सुटीवर आला. बाप-लेक एका घरात, पण बोलणं सगळं रोझीबायमार्फत. "तेका सांग मासे इले." "तेका सांग, बघलंय."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मॅच होती. दाजी आणि मीही फराळाला देवबागलाच होतो. आंतोननं कुणाला न विचारता टीव्हीवरचा टेबलक्लॉथ उचलला, नीट घडी केली आणि आईच्या हातात दिली. इनासबाब उठून गेला नाही. बाहेरच्या पायरीवर, आत तोंड करून बसला. दाजी आणि मी श्वास रोखून बसलो. मॅचसाठी की या दोघांसाठी, कोण जाणे!

एक-एक बरोबरी. शेवटची मिनिटं. समोरच्यांच्या पैशातून आलेल्या नव्या पोरानं उजवीकडून बॉल आत टाकला आणि आमच्या जुन्या कप्तानानं, लहानपणापासून याच क्लबात असलेल्या माणसानं, डोक्यानं गोल केला!

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. दाजी खुर्चीवर चढलेले, रोझीबायच्या हातातली करंज्यांची बशी हवेत, आणि खोलीच्या मधोमध बाप-लेक एकमेकांना घट्ट मिठी मारून उड्या मारतायत! पायरीवरून खोलीच्या मध्यापर्यंत इनासबाब कसा पोचला ते त्यालाही माहीत नाही.

मग दोघांना भान आलं. इनासबाबनं मिठी सोडली, शर्ट सारखा केला. "गोल आमच्या जुन्या माणसान मारलो," तो छताकडे बघत म्हणाला. "समोरच्यांचो न्हय."

"होय पप्पा," आंतोन म्हणाला. "पास मात्र नव्याचो."

इनासबाब हसायला लागला. महिनाभराचं हसू एकदम बाहेर आलं. रात्री जेवताना आंतोननं हळूच सांगितलं, सुहासनं ती कंपनी सोडली, आता तो गोव्यात नोकरीला आहे. इनासबाबनं आपल्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून मुलाच्या ताटात ठेवली.

* * *

आता शेवटचा, तीन राजांच्या फेस्ताच्या संध्याकाळचा. बाळ येशूला भेटायला तीन राजे सोनं, धूप घेऊन आले, त्याचा हा जानेवारीतला सण.

इनासबाब दरवर्षी दारात येशूजन्माचा गोठा करतो. खरं गवत, नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, मातीचे प्राणी. फादर घरोघर गोठे बघत फिरत होते. सावंतवाडीकडचे, तरुण, हसतमुख. ते वाकून बघायला लागले. आई मरिया आहे, बाप जुझे आहे, बाळ आहे, गाय आहे, गाढव आहे.

"इनासबाब, आज राजांचा फेस्त आणि राजे खंय?"

"डब्यात."

"कित्याक?"

"फादर, राजे सोना घेवन येतत," इनासबाब गंभीरपणे म्हणाला. "सोना घेवन इलेलो माणूस आत इलो काय धनी बदलता. गोठो गरिबाचो आसा, गरिबाचोच रवांदे."

माझ्याशेजारी उभे असलेले दाजी खो खो हसायला लागले, पण फादर हसले नाहीत.

"तुझा खरा आसा," ते म्हणाले. "पण ते राजे गोठो विकत घेवक इल्ले नाय रे. गुडघ्यार बसूक इल्ले."

इनासबाब आत गेला, डबा घेऊन आला, त्यातले तिन्ही राजे काढून हातावर ठेवले. मातीचे, रंग उडालेले. एक मुकुट काढून गुडघ्यावर बसलेला, दोन ताठ उभे. गुडघ्यावरचा राजा उचलून त्यानं गवतात, बाळाच्या अगदी जवळ ठेवला. उभे असलेले दोन परत डब्यात घातले आणि झाकण लावलं.

रोझीबाय म्हणाली, "आणि ते दोघे?"

"ते बसतले तेव्हा बघूया."