तेच पाणी

कंडक्टरबाईने नेल पार्लरच्या दाराला लाथ घातली तेव्हा कानस एका गिऱ्हाइकाची करंगळी घासत होती. नखं घासून घासून तिचं खरं नावच पुसलं गेलं होतं. बावीस वर्षं सगळे तिला कानसच म्हणत. गिऱ्हाईक पर्स विसरून पळालं.

"बघ तुझी कारागिरी!" बाईने बँडेजातलं डावं मधलं बोट नाचवलं. "बसच्या दारात अडकलं. तू लावलेलं नकली नख टणटणीत, आणि माझं मुळासकट उपटून आलं!"

तिने कोपराने कानसचा पंजा टेबलावर दाबला, खिशातून पकड काढली आणि अंगठ्याचं नख चिमटीत धरलं. "आता तुझं एक. फिट्टंफाट!"

मालकीणबाई गल्ल्यामागून साखर सांडत आली. "अगंऽऽ कानस! किती वेळा सांगितलं, हळूऽऽ करत जा! ताई, पाणी तेच, पावडर तीच. माझी नखं बघा ना, त्याच बाटलीतली. हिचा हातच मेला जड!"

पाणी म्हणजे ब्रश बुडवायचं ते उग्र द्रव. त्यात पावडर कालवली की पीठ होतं आणि दोन-चार मिनिटांत दगड. दोन महिन्यांपूर्वी कानस म्हणाली होती, "बाई, पाण्याचा वास बदललाय." "सर्दी झालीय तुला!" मालकीणबाईने झटकलं आणि कानस गप्प बसली. आता ते गप्प बसणं पकडीच्या दातांत आलं होतं. नखाच्या कडेने रक्त फुटलं.

"थांब!" कानस किंचाळली. "चांगलं पाणी एथिलचं. त्याचं नख आधी स्वतः मोडतं, तुझ्या नखाला हात लावत नाही. आणि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. मेथिलचं स्वस्तातलं मुडदं ना मोडतं, ना विरघळतं. मला वास आला होता. दोघींची बोटं बुडवा, कळेल!"

"अय्या, मला कशाला?" मालकीण मागे सरली. कंडक्टरबाईने तिचा अंबाडा धरून तिला खुर्चीत आदळलं आणि तिचा हात अ‍ॅसिटोनच्या वाटीत कोंबला. स्वतःचा उजवा दुसऱ्या वाटीत घातला. पकड मांडीवर.

वीस मिनिटं गेली. मग मालकीणबाईची गुलाबी नखं शिजलेल्या साबुदाण्यासारखी ओघळली. कंडक्टरबाईची मात्र जशीच्या तशी चकाकत होती.

"तेच पाणी?" कंडक्टरबाईने विचारलं. अगदी हळूऽऽ.

"ताई, म्हणजे माझी बाटली जराशी वेगळ..."

थप्पड इतकी कडक बसली की वाक्य अर्ध्यावर मेलं. बाटल्यांचा कप्पा आडवा झाला, काचा उडाल्या, त्या उग्र वासाने तिघींचे डोळे चुरचुरले. मालकीणबाई एका चपलेनिशी मागच्या दाराने पळाली.

कंडक्टरबाईने खुर्ची ओढून घेतली, नऊ बोटं कानसपुढे पसरली. "वास आला होता ना तुला?"

"आला होता."

"मग घास."

कानसने रक्ताळलेला अंगठा फडक्यात गुंडाळला, खिडकी सताड उघडली आणि पहिली करंगळी हातात घेतली. विरघळणार नव्हतीच ती नखं. कणाकणाने घासायची, खालच्या नखाला ओरखडा न लावता. दोन तास तरी लागणार होते.

पकड मांडीवरून हलली नव्हती.