आबांच्या कानाचं यंत्र

माझा आवाज फाटका आहे. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं म्हणून तो तसा झाला असं लोकांना वाटतं. तसं नाही. शाळेत मी कधी ओरडले नाही. माझा आवाज घरी फाटला, आबांच्या कानाशी ओरडून ओरडून.

आबा म्हणजे माझे वडील. करमाळ्याकडची कोरडवाहू जमीन भावांवर सोडून ते सोलापूरच्या एका गिरणीत लागले, ते माझ्या जन्माच्याही आधी. कापडाच्या मागावर विणकर. एका छपराखाली शेकडो माग खडाखडा चालायचे, त्यात दिवसाचे दहा तास, वीस वर्षं. मी ट्रेनिंग पुरं करून शाळेत लागले तोवर त्यांना दाराची कडी वाजलेली ऐकू येत नव्हती. आई गेल्यावर चाळीतल्या खोलीत आम्ही दोघंच. 'भाकरी वाढू का' हे विचारायला मी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडायची. शेजारणी हसायच्या. मुलं आबांच्या पाठीमागून हाका मारून पळायची. मला सगळ्यांचा संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त आबांचा.

मुंबईला रेडिओ सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. आबांच्या शेजारच्या मागावर एक तेलुगू विणकर होता, बावीस-तेवीस वर्षांचा. आमच्या शेजारच्याच खोलीत बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन राहायचा. एक दिवस त्याच्या मागावरचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारा टोकदार लाकडी तुकडा, उडाला आणि टोकानं त्याचा डावा डोळा फोडून गेला. धोटा उडू नये म्हणून मागाला एक लोखंडी गज बसवलेला असतो. गिरणीचं म्हणणं, काम सोपं व्हावं म्हणून त्यानं स्वतःच तो गज काढला होता. तेव्हा भरपाई कसली आणि काय.

आबांना ठाऊक होतं की तो गज तीन महिन्यांपूर्वीच मोडून पडला होता. त्यांनीच जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, दोनदा सांगितलं होतं.

चौकशीला सरकारी साहेब बसले. आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून साक्षीला गेले. मी रजा काढून बरोबर. साहेबांचा आवाज मऊ, मिशा ओठांवर उतरलेल्या. मागावरच्या चार ठराविक शब्दांपुरते आबांना समोरच्याचे ओठ वाचता यायचे. या मिशांपुढं तेही चालेना. ते नुसते बघत राहिले.

मी प्रश्न त्यांच्या कानाशी ओरडून सांगायला पुढं झाले, तर गिरणीचे वकील उठले. म्हणाले, "साहेब, ही बाई साक्षीदाराची मुलगी. ती कानात काय सांगते ते आम्हाला कसं कळणार? आणि लिहून द्यावं तर गृहस्थांना अक्षरओळख नाही. बहिऱ्यानं मुलीच्या तोंडून दिलेली साक्ष असते का कुठं?"

मॅनेजर रुमालाआड हसला. जॉबर उघड हसला. ज्या गिरणीनं आबांचे कान खाल्ले तिचीच माणसं आबांच्या कानांना हसत होती.

साहेब भला माणूस असावा. त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. म्हणाले, "बाई, साक्षीदाराला माझा प्रश्न स्वतःच्या कानांनी ऐकू आला पाहिजे. ती सोय तुम्ही करा."

ती सोय कशी करायची? डॉक्टरांनी मला एक विलायती माहितीपत्रक दाखवलं. बहिऱ्यांचं यंत्र, नक्षीदार पेटीत. किंमत वाचून मी ते पत्रक घडी घालून परत दिलं. पण चित्र बघून एक गोष्ट कळली होती. बोलणं पकडायला एक मायक्रोफोन, ऐकायला हेडफोन आणि मधे बॅटरी, एवढाच त्या पेटीचा संसार होता.

आमच्या गावात फोनोच्या तबकड्या विकणारं एक दुकान होतं. तिथं रेडिओचं सामानही मिळू लागलं होतं. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक हेडफोन काढला. चामड्याचा पट्टा, काळे चकचकीत डबे. "यापेक्षा उत्तम माल सोलापुरात नाही. मुंबईचं गाणं यात ऐकतात लोक." सोबत बॅटरीचे सेल आणि जुन्या टेलिफोनचा बोलायचा डबा दिला. तोच मायक्रोफोन. मी आईच्या बांगड्यांतली एक मोडून ते घेतलं. घरी तिन्ही गोष्टी एकाला एक जोडल्या, आबांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, आणि मायक्रोफोनमध्ये बोलले.

आबा म्हणाले, "माशी गुणगुणतीया जणू."

मी दुकानात परत गेले. दुकानदारानं माल हातातही घेतला नाही. "बाई, दोष तुमच्या वडलांच्या कानांत आहे. माझ्या मालात नाही." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी दुकानात उभी राहून जे बोलले ते एका शिक्षिकेनं बोलायचं नसतं. बाहेरचे लोक थांबून बघायला लागले. त्याचा उपयोग शून्य झाला.

शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की कुर्डुवाडीला रेल्वेचे टेलिफोन दुरुस्त करणारे एक म्हातारे आहेत, आता घरी बसलेले. मी रविवारी सकाळची गाडी धरली. म्हातारे अंगणात बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा भारी हेडफोन उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "हे घेताना दुकानदाराला सांगितलं होतं का, कशाला पाहिजे?"

"वडलांना ऐकू यावं म्हणून, असं सांगितलं होतं."

"आन त्यानं हे दिलं?" त्यांनी हेडफोन बाजेवर टाकला. "चोर हाय. माल चांगला हाय, पर तुमच्या कामाचा न्हाय. याच्यात केसावानी बारीक तारेचे हजारो येढं हायती. रेडिओला त्येच लागतं. टेलिफोनच्या मायक्रोफोनला जाड तारेचा, थोड्या येढ्यांचा कान लागतो. महाग ते चांगलं असं न्हाय, बाई. जोडी जुळाय पाहिजे."

त्यांनी घरातून भंगाराचं खोकं आणलं आणि मला निवडायला शिकवलं. कानाच्या डब्याचं झाकण फिरवून काढायचं. आत लोखंडी पातळ चकती असते. डबा उपडा केला तरी चकती पडता कामा नये. पडली तर आतलं चुंबक मेलं समजावं. मग दोन तारा क्षणभर सेलला टेकवायच्या. टक् असा खणखणीत आवाज आला तर घ्यायचा. मायक्रोफोन कानाशी धरून हलवायचा. आत कोळशाचे बारीक दाणे असतात, ते वाळूसारखे सळसळले पाहिजेत. काहीच वाजलं नाही तर दाणे गोळा झालेत. खडे हलल्यासारखं वाजलं तर निम्मे सांडलेत.

मी अकरा डबे तपासले. तीन चांगले निघाले. दोन कानांचे, एक बोलायचा. माझ्या भारी हेडफोनच्या आणि दुकानातल्या बोलायच्या डब्याच्या बदल्यात त्यांनी ते दिले, वर स्टीलची पट्टी वाकवून डोक्याचा पट्टाही करून दिला. निघताना म्हणाले, "चकतीला बोट लावायचं न्हाय. तेल तर मुळीच न्हाय. काम झालं की सेल सोडवायचं. आन ओल लागू द्यायची न्हाय."

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. आबा उंबऱ्यावर बसले होते. तिथंच त्यांच्या डोक्यावर ते चढवलं, तारा जोडल्या, आणि सवयीप्रमाणे मायक्रोफोन तोंडाशी धरून ओरडले, "आबा, ऐकू येतंय का?"

आबांनी दोन्ही हातांनी डबे कानांपासून ओढले. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. ते म्हणाले, "पोरी, तू एवढी वरडत असतीस व्हय माझ्यावर?"

मी आत जाऊन चूल पेटवली. त्या क्षणी मला गिरणीचा जेवढा राग आला तेवढा चौकशीच्या दिवशीही आला नव्हता. तिनं आबांचे कान नेले ते नेलेच. मलाही अशी मुलगी करून ठेवलं होतं.

पुढचे दिवस सराव. मी साहेबांसारखी हळू बोलायची, आबा उत्तर द्यायचे. तारीख दोन दिवसांवर आली आणि यंत्र मुकं झालं. टक् वाजत होतं, म्हणजे कानाचे डबे धड होते. मायक्रोफोन हलवला तर आत काहीच सळसळेना. मी आबांवर तुटून पडले. तंबाखूच्या हातानं धरलंत, आपटलंत, तुम्हाला एक वस्तू सांभाळता येत नाही. यंत्र बंद, म्हणून पुन्हा ओरडूनच. आबांनी नुसतं वरच्या फळीकडं बोट केलं. मीच तो मायक्रोफोन माठाच्या वरच्या फळीवर ठेवत होते, उन्हानं तापू नये म्हणून. फळीचं लाकूड हाताला दमट लागत होतं. ओल मीच लावली होती.

तो डबा फडक्यात गुंडाळून पत्र्यावर उन्हात ठेवला. सोलापूरच्या उन्हाचा मला आयुष्यात एकदाच उपयोग झाला तो तेव्हा. दुपारी आबांनी नखानं त्याच्या कडेला हलक्या टिचक्या मारल्या. विणकराची बोटं ती. तुटका धागा कुठं आहे ते न बघता शोधणारी. चौथ्या-पाचव्या टिचकीला त्यांनी डबा माझ्या कानाशी आणला. वाळू सळसळली.

तारखेला आबा फेट्याऐवजी डोक्यावर ती पट्टी चढवून उभे राहिले. वकील म्हणाले, "हा काय तमाशा आहे?" साहेबांनी मात्र मायक्रोफोन स्वतःच्या हातानं आपल्या पुढ्यात ओढून घेतला. कुतूहल वाटलं असेल. त्यांनी नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "गज केव्हापासून नव्हता?"

आबांनी सगळं सांगितलं. तीन महिने, दोनदा जॉबरला, एकदा पाणी प्यायच्या सुट्टीत आणि एकदा पगाराच्या दिवशी. साहेब लिहीत होते. तेवढ्यात टेबलापाशी, मायक्रोफोनजवळच वाकून वकील मॅनेजरला म्हणाले, "काळजी नको, दोन उलटे प्रश्न टाकले की म्हातारा बावचळेल."

"न्हाई बावचाळनार," आबा म्हणाले. "इचारा की."

साहेब मोठ्यानं हसले. मीही हसले, आणि तिथंच आमची चूक झाली, कारण वकील हसले नाहीत. ते मायक्रोफोनजवळ येऊन फार गोड आवाजात बोलले. किती वर्षांपासून ऐकू येत नाही? माग बिघडल्याचा आवाज येतो का? मागून कुणी ओरडलं तर कळतं का? आबा खोटं बोलणारे नव्हते. "न्हाय कळत," ते म्हणाले. तेही लिहून घेतलं गेलं.

शेजाऱ्याला भरपाई मिळाली. महिना भरायच्या आत आबांना घरी बसवलं. कारण काय, तर या कामगाराला ऐकू येत नाही हे त्यानं स्वतः साहेबांपुढं कबूल केलं आहे, अशा माणसाला मागावर ठेवणं धोक्याचं आहे.

मी गिरणीत गेले. मॅनेजरनं मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "त्यांच्याच भल्यासाठी आहे हो. उद्या त्यांना काही झालं तर?"

मी म्हणाले, "झालंय. तुमच्या इथंच झालंय." त्यानं घंटी वाजवून पट्टेवाल्याला बोलावलं.

आबा मात्र घरी बसले नाहीत. आमच्या चाळीत चाळिशीपुढच्या माणसांत धड कानांचं कुणी नव्हतं. हे मला आधी दिसलंच नव्हतं. एकेक जण दारात येऊन उभा राहायचा आणि बोटानं कानाकडं खूण करायचा. आबा कुर्डुवाडीहून भंगार डबे आणू लागले. चकती, टक्, सळसळ, सगळं मला ऐकायला लावून तपासून घ्यायचे. तारांचं कापडी वेष्टण डोक्याच्या घामानं सडतं. त्यावर ते सुताचं नवं वेष्टण असं विणायचे की सांधा सापडू नये. कानाच्या डब्यांना मलमलीच्या टोप्या शिवायला मी शिकले. त्या दर आठवड्याला धुवायच्या, डबे कोरड्या फडक्यानं पुसायचे, हे मी प्रत्येकाला दटावून सांगायची. एक वयस्क विणकर यंत्र लावून आपल्या नातीचं बोलणं ऐकत बसला आणि रडायला लागला. मला रडू आलं नाही. हा माणूस पंधरा वर्षं तिथंच होता आणि त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

वर्षभरानं गिरणीचा पट्टेवाला आमच्या दारात आला. मॅनेजरच्या आईला ऐकू येईनासं झालं होतं. विलायती यंत्र आणलं होतं, त्याचा मायक्रोफोन बिघडला. मुंबईला पाठवला तर महिने लागतात. म्हातारी कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. तेव्हा आबांनी एक यंत्र करून द्यावं.

मी म्हणाले, "त्यांना सांगा, इथं असलं काही मिळत नाही." मला वाटलं, निदान एवढा सूड तरी आपल्या वाट्याला यावा.

आबांच्या डोक्यावर पट्टी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पट्टेवाल्याला म्हणाले, "चार दिसांनी या."

"आबा, त्या माणसानं तुम्हाला बाहेर काढलं."

"त्यानं काढलं. म्हातारीनं काय केलंय?"

मी त्यांच्याशी भांडले. चढ्या आवाजात नाही, त्याची आता गरज नव्हती. हळूच, मायक्रोफोन तोंडाशी धरून, एकेक शब्द नीट ऐकू जाईल असा. तुम्हाला लाज नाही म्हणाले. तुमच्यासारख्यांमुळंच त्यांचं फावतं म्हणाले. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पट्टी डोक्यावरून काढली, सेल सोडवले आणि खोक्यातला सगळ्यांत चांगला मायक्रोफोन शोधायला बसले. एकेक डबा ते माझ्या कानाशी आणून हलवायचे, कारण सळसळ त्यांना स्वतःला ऐकू येत नसे.

मी मान वळवली. शेवटी शेजाऱ्याच्या बायकोनं ऐकून त्यांना निवडून दिला. यंत्र पोचवायला ते स्वतः गेले, मॅनेजरच्या बंगल्याच्या मागच्या दारानं. कानाच्या डब्यांवर मलमलीच्या टोप्या नव्हत्या, कारण त्या मी शिवून दिल्या नव्हत्या.

आबांचं बरोबर होतं, असं आता सगळे म्हणतात. असेल. मला अजून ते मान्य नाही.