इटालियन गाडीचा भाव

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोलासुद्धा वाटतं, ती गाडी स्वतःच्या नशिबानेच भंगारात गेली. मीही तसंच म्हणत आलो — नशीब म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

तुम्हाला सांगतो. पण जरा आडून यावं लागेल, एकदम बोलायला जमणार नाही.

आधी गाडीबद्दल. ऐंशीच्या दशकात कुर्ल्याच्या गाडीबाजारात उलटाच कारभार होता. फियाट जुनी असली तरी नवीहून महाग, कारण नवीचा नंबर लागायला वर्षं जायची. आणि जी गाडी परदेशात राजा-महाराजांची, ती इथे उतरली की दर पावसाळ्याला तिची किंमत कोसळायची. पार्ट आणणार कुठून? इटलीहून? शिवाय पोट जमिनीला टेकलेलं — अंधेरीच्या एका खड्ड्यात आपटली की झालं तिचं कल्याण. अंधेरीतच राहणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना अशी एक लाल टू-सीटर, इंजिन जाम झालेली, दत्ताराम सावंतला जवळजवळ फुकटात देऊन टाकली.

दत्ता माझ्या गावचा, मालवणकडचा. कुर्ल्यात भाड्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. माझी गिरणी बंद पडली आणि मी घरी बसलो — फिटर होतो, लेथवर हात चांगला होता, पण त्या हाताला विचारतो कोण? दत्ता घाटकोपरला आमच्या खोलीवर आला आणि म्हणाला, चल रे मन्या, ही बया आपण दोघं उभी करू. विकली की स्वतःची शेड घेऊ, पाटीवर दोघांची नावं. हे तोच म्हणाला. मी मागितलं नव्हतं.

तीन वर्षं लागली. इंजिन दत्ताने उघडलं, पण त्यात झिजलेलं जे जे होतं, ते मी लेथवर कातून काढलं. एक गिअर चार वेळा फुकट गेला, पाचव्यांदा बसला. पत्रा ठोकला, रंग दिला. ती पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी दत्ता रडला. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

मग एक शेठ आला. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून बघितलं आणि विचारलं, हे सगळं काम कुणी केलं?

"मी एकट्यानं, शेठ," दत्ता म्हणाला. "हा आमचा हेल्पर. मन्या, शेठना थंडा आण ना."

मी गेलो. हो, गेलो! नाक्यावर पाट्या रंगवणारा पेंटर ओळखीचा होता, त्याने हाक मारली — ये, बघ तुमची पाटी, झकास झालीये ना? भिंतीला टेकवून वाळत ठेवली होती. सावंत मोटर वर्क्स. खाली दत्ताराम सावंत, मालक. बस. माझं नाव कुठेच नव्हतं, अगदी बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं.

झकास आहे, मी म्हणालो. आणि बाटल्या घेऊन परत आलो. माझा विश्वासघात झाला — हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो. त्यात तसूभर फरक नाही. पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

बाजारात एक रीत होती. बयाणा देण्याआधी गिऱ्हाईक गॅरेजच्या हेल्परला गुपचूप चहाला न्यायचं. मालकाला गाडी विकायची असते, तो थापा मारणारच. हेल्परला काय पडलंय? म्हणून त्याचा शब्द खरा धरायचे. मी भागीदार म्हणून उभा असतो तर शेठने मला विचारलंच नसतं. दत्ताने मला हेल्पर केलं, म्हणून मला चहा मिळाला.

आणि मी — कसं सांगू? — बशीत चहा ओतत म्हणालो, "चासीला जोड आहे, शेठ. दोन गाड्या कापून एक केलीये."

खोटं. शंभर टक्के खोटं. इंजिन खराब असेल तर दुरुस्त होतं, रंग पुन्हा देता येतो. पण चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. तो जोडलेला आहे म्हटलं की वेगात गाडीचे दोन तुकडे होतील ही भीती बसते, आणि एकदा बसली की निघत नाही. मला हे माहीत नव्हतं का? त्या बाजारात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

शेठ फिरकला नाही. आठवड्यात बाजारभर झालं. दत्ता गाडी जॅकवर चढवून येईल त्याला खालून दाखवायचा — बघा, कुठे आहे वेल्डिंग? लोक म्हणायचे, सफाईने लपवलंय. जितकं दाखवावं तितका भाव खाली. मग एक दिवस तो माझ्याकडे आला. "मन्या, तू सांग मरे तेंका. तुझा ऐकतले ते."

सांगतो, म्हणालो. नाही सांगितलं. माझं नाव बाहेर येईल ही भीती होतीच. पण तेवढंच होतं का? त्याला हात जोडताना बघून मला बरं वाटत होतं. हे सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

वर्षभराने त्याची भाड्याची शेडही गेली. सीट, चाकं, इंजिन, सुटं सुटं निघालं. सांगाडा भंगारवाल्याला तुकडे करून हवा होता. दत्ताच्याने ते होईना. त्याने गॅस कटर माझ्या हातात दिला, आणि मी कापला. मधोमध.

दत्ताने त्यावर पाणी ओतलं, गार होऊ दिलं. मग गुडघ्यावर बसून तो सबंध लोखंडावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटं फिरवत गेला.

"बघ मन्या. खंय आसा जोड?"

मी वाकलो. वेळ घेऊन, नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होतो.

"नाही रे दत्ता," मी म्हणालो. "लोक हलकट असतात."

त्याने मान हलवली. मी पुन्हा कटर पेटवला.