ताईचं सगळं माप

शिवणकामात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तिच्या तोंडी लागायची तर कोणाची छातीच नव्हती. गिऱ्हाईक दारात दिसलं की ती नजरेनेच माप काढायची, 'जेवण मानवलेलं दिसतंय' असं ऐकवायची आणि मग टेप लावायची. दुकानातला कॉम्प्युटर मात्र धाकट्या बहिणीचा प्रांत. प्रत्येकाचं माप ती त्यात टाइप करून ठेवी.

धाकटीला मागणी घालायला एकजण आला होता. 'तिच्या मनात नाही' असं सांगून ताईने त्याला परस्पर वाटेला लावलं. खरं तर ताईला एकटीने राहायची भीती वाटत होती. धाकटीला हे कळलं. ती भांडली नाही, रडलीही नाही. त्यानंतर अकरा वर्षं ती ताईशी फक्त कामापुरतं बोलली: बाही, गळा, बटणं. मग आजारी पडली आणि गेली. जाण्याच्या महिनाभर आधी एका दुपारी तिने टेप घेतली आणि काही न बोलता ताईचं माप घेतलं. कशाला, ते ताईने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

धाकटीच्या माघारी कॉम्प्युटर मान टाकू लागला. चालता चालता पडदा निळा व्हायचा आणि सगळं ठप्प. एका सकाळी ताईने स्वतःच्या मापाचं पान उघडलं. वर धाकटीने टाइप केलेली ओळ होती: 'ताईचं सगळं माफ.' पुन्हा वाचेपर्यंत पडदा निळा झाला. मग ती रोज ते पान उघडू लागली. कधी 'माप' दिसे, कधी 'माफ'. 'माफ' दिसलं की थोड्याच वेळात कॉम्प्युटर बंद. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा तिला धीर होईना.

कामं खोळंबली तेव्हा तिने नाइलाजाने मेकॅनिकला बोलावलं. त्याने रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबरने घासल्या, आलटून पालटून बसवून तपासल्या. एकीत दरवेळी त्याच जागी चूक निघाली. आवाज जमेल तितका साधा ठेवून ताईने त्या ओळीबद्दल विचारलं. तो हसला. मशीनला प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, म्हणाला. 'प' आणि 'फ' लागोपाठचे, पट्टीत बारीकशी जागा बिघडली की 'प'चा 'फ' होतो.

खराब पट्टी टेबलावर ठेवून त्याने पान उघडलं. 'ताईचं सगळं माप.' दहादा उघडलं, दहादा तेच. मशीन आता निमूट चालत होतं.

ताई म्हणाली, "ती पट्टी परत बसवा."

"अहो, पुन्हा बंद पडेल. कामं अडतील तुमची."

"अडू देत. अकरा वर्षांत कामाशिवाय ती एवढंच बोललीये."