टीव्हीतला अप्पाजी आणि आरुषीचे पप्पा

धारवाडजवळच्या अमरगोळच्या मार्केट यार्डात एके काळी धम्मानंदच्या आवाजाचा दरारा होता. मिरचीचा लिलाव पुकारायला तो उभा राहिला की पलीकडच्या रांगेतले कांदेवालेसुद्धा माना वळवायचे. कन्नडमध्ये भाव पुकारता पुकारता तो मध्येच एखादी मराठी कोपरखळी मारायचा. शेतकरी हसायचे आणि ओशाळलेला व्यापारी बोली चढवायचा. पुढे बोली कॉम्प्युटरवर लागायला लागल्या आणि पुकारा बंद झाला. अडत दुकानाच्या मालकांनी त्याला काढलं नाही. वजनकाट्यावर लक्ष ठेवायचं काम दिलं. काम बरं होतं, पण आवाज घशातच अडकून राहिला.

त्या आवाजानंच श्रीहर्षला खेचून आणलं. श्रीहर्ष धारवाडचा, वडील वकील. पण पोरानं कॅमेरा धरला होता. तो यार्डात एका मसाल्याच्या जाहिरातीसाठी मिरचीचे ढीग टिपायला आला होता. तेवढ्यात धम्मानंदनं लांबच्या लॉरीवाल्याला अशी काही हाक घातली की श्रीहर्षचा कॅमेरा ढिगावरून त्याच्याकडे वळला.

"अण्णा, नाटकात काम केलंय का कधी?"

"आंबेडकर जयंतीला करतोय की दर वर्षी."

"मग माझ्या मालिकेत कराल?"

अशी 'अप्पाजी मनी' सुरू झाली. मनी म्हणजे घर. कन्नड मालिका, केबलवर दर आठवड्याला एक भाग, तोच नंतर मोबाइलवर. त्यात धम्मानंद झाला अप्पाजी. अप्पाजीला काही म्हणजे काही येत नसे. चहात साखर म्हणून मीठ घालायचा, बायकोची साडी इस्त्री करताना जाळायचा, गॅस पेटवायला शेजारणीला बोलवायचा. दर भागाच्या शेवटी बायको कपाळावर हात मारून सगळं निस्तरायची. लोक पोट धरून हसायचे. मसाल्याच्या कंपनीनं तर त्याला थेट जाहिरातीतच घेतलं. शहरातल्या कोप्पीकर रोडला भला मोठा फलक लागला. नाकाला पीठ, हातात करपलेली भाकरी, रडवेला अप्पाजी. खाली कन्नडमध्ये लिहिलेलं, की याच्या भरवशावर राहू नका.

फलक पाहायला तो बायकोमुलीला घेऊन मुद्दाम गेला होता. तिघं फलकाखाली उभे राहून हसले. हसण्यासारखंच होतं. कारण साधना खासगी हॉस्पिटलात नर्स, तिच्या कामाच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे घरातल्या भाकरी धम्मानंदच थापायचा आणि त्या टम्म फुगायच्या. आरुषी चौथीत होती. तिच्या दोन वेण्या रोज सकाळी तोच घालायचा. आईनं घातल्या तर "पप्पांच्या घट्ट बसतात," म्हणून ती सोडून परत त्याच्याकडे यायची.

रस्त्यात पोरं "अप्पाजी, गॅस पेटवू काय?" म्हणून ओरडायची. धम्मानंद हात हलवायचा. आवाज पुन्हा लोकांच्या कानात गेला, याचंच त्याला मोठं सुख होतं.

मग तो शाळेचा दिवस आला.

दुपारी शाळेच्या ऑफिसातून त्याला फोन आला. आरुषीला ताप भरलाय, घेऊन जा. साधना ऑपरेशन थिएटरात, तिचा फोन लॉकरमध्ये. धम्मानंद मालकांना सांगून रिक्षानं धावत पोचला. ऑफिसात दीपश्री मिस होत्या, आरुषीच्या वर्गशिक्षिका. त्याला बघताच त्यांचा चेहरा फुलला.

"अय्यो, अप्पाजी! तुम्ही आलात? मॅडम कुठं आहेत?"

"त्या ड्युटीवर. आरुषीला न्यायला आलोय."

"चुकून दुसरीच पोरगी नेऊ नका हं!" मिस म्हणाल्या आणि ऑफिसातला क्लार्कही खदखदून हसला. मागच्याच आठवड्यात दाखवलेल्या भागात अप्पाजी शाळेतून भलतंच मूल घरी घेऊन गेला होता.

धम्मानंदही सवयीनं हसला. पण हसणं ओसरलं तरी मिस उठेनात. "मी एकदा मॅडमशी बोलते, मग पाठवते. औषध वगैरे त्यांनाच विचारलेलं बरं," त्या म्हणाल्या. बाई काही वाईट नव्हती. मुलीची काळजीच होती तिला. पण फोन लागत नव्हता, आणि ती पुन:पुन्हा लावत होती.

बाजूच्या खोलीत बाकावर आरुषी आडवी पडलेली दाराच्या फटीतून दिसत होती. धम्मानंदच्या छातीत आवाज दाटून आला. यार्ड हादरवणारा आवाज. पण इथं ओरडलो तर त्याचाही विनोदच होईल, हे त्याला कळलं. तो हळूच म्हणाला, "मिस, तिला रोज मीच तयार करून पाठवतो." मिस परत हसल्या. त्यांना वाटलं, हाही डायलॉगच आहे.

शेवटी आरुषीच उठून दारात आली. तिनं बापाच्या पोटावर डोकं टेकलं. त्यानं तिचं दप्तर खांद्याला अडकवलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि रुमाल पाण्यात बुडवून तिच्या डोक्यावर ठेवला. दीपश्री मिस ते बघत राहिल्या. मग फोन खाली ठेवून म्हणाल्या, "जा तुम्ही. सावकाश जा."

रिक्षात आरुषीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही मिसना सांगितलं न्हाई काय, टीव्हीतलं खोटं हाय म्हणून?"

"सांगितलं की."

"मग त्या हसल्या का?"

धम्मानंदनं तिच्या डोक्यावरचा रुमाल उलटा करून ठेवला.

संध्याकाळी ताप उतरला. साधना घरी आली, तिनं सगळं ऐकून घेतलं. "मालिका सोडतो," धम्मानंद म्हणाला.

साधनानं पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "भलतंच पोर घरी आणलेल्या त्या भागाला मी पण हसलेच होते. पण खरं सांगू? बाळंतिणींच्या वॉर्डात ड्युटी असली की मी हेच बघते. बाळ हातात द्यायला गेलं की बाप मागं सरतात. 'आम्हाला जमत न्हाई सिस्टर,' म्हणतात. धरून तर बघा म्हटलं, तर लाजून हसतात. एकानं तर मला तुमच्या अप्पाजीचंच उदाहरण दिलं."

खाटेवर भरमा बसला होता. धम्मानंदचा बाप. अख्खी हयात रेल्वेच्या माल गोदामात हमाली केलेला, बोलणं मोजकं. मालिका लागली की तो तोंड फिरवून बसायचा. म्हाताऱ्याला विनोद कळत नाही, असंच धम्मानंद समजत आला होता. आज तो आपणहून बोलला.

"तुझी आय, पारू, तुझ्या पाठच्या बाळाच्या वक्ताला आजारी पडल्याली. सा महिनं अंथरुणात. तुला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, समदं मीच केलं. पर दार लावून करायचो. गोदामातल्या गड्यांस्नी कळलं तर हसतील म्हणून. धम्मा, हसतील म्हणून दार लावलं बघ मी."

धम्मानंदनं बापाकडं पाहिलं. ही गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितली नव्हती. आईनंसुद्धा नाही. मालिका सोडायची गोष्ट त्यानं त्यानंतर काढली नाही.

रविवारी धारवाडातल्या केलगेरीला श्रीहर्षच्या काकांच्या घरात शूटिंग होतं. त्या दिवशीच्या प्रसंगात आई गावाला गेलेली, लेकीचं गॅदरिंग, आणि अप्पाजी तिच्या केसांचा असा गुंता करतो की शेवटी कात्री आणावी लागते. धम्मानंदनं कागद वाचून बाजूला ठेवला.

"श्रीहर्ष, हे मी करणार न्हाई."

"का हो अण्णा? काय झालं?"

त्यानं शाळेतलं सगळं सांगितलं. श्रीहर्षनं मान हलवली, पण म्हणाला, "समजतंय मला. पण पब्लिकला हेच पाहिजे असतं."

"पब्लिकला हसायला पाहिजे असतंय. बाप बावळट पाहिजे, असं कुठं म्हणालेत ते? मला पण हसवायचंच हाय. एकदा बघ तर खरं."

मुलीचं काम करणारी स्मृती समोरच बसली होती. धम्मानंदनं तिला पुढ्यात घेतलं, केस विंचरले, तीन बटा केल्या. आणि एकदम, कित्येक वर्षांनी, त्याचा तो जुना पुकारा सुटला. "ओंद सल! एरड सल! मूर सल!" एक वार, दोन वार, तीन वार. प्रत्येक पुकाऱ्याला एक बट दुसरीवर. मध्येच गिऱ्हाइकाला विचारावं तसं, "बोला, रिबीन लाल का निळी? लाल एकदा, लाल दोनदा!" स्मृती खिदळायला लागली. लाइट धरणारा गडी हसता हसता लाइट हलवायला लागला. वेणी झाली तेव्हा ती दोरीसारखी सरळ होती.

श्रीहर्षनं कागद फाडला नाही की मिठी मारली नाही. तो नुसता विचारात पडला. मग म्हणाला, "आणि समजा, गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या पोरी घेऊन अप्पाजीच्या दारात रांगेला उभ्या राहिल्या तर? अप्पाजीला ऑफिसला उशीर, आणि रांग काही संपत नाही?"

"आता कसं!" धम्मानंद म्हणाला.

तो भाग गाजला, पण सगळ्यांनाच रुचला असं नाही. मोबाइलवर कुणी लिहिलं, आता आमच्या बायका आम्हाला वेण्या घालायला लावतील, हे बंद करा. मसाल्याच्या कंपनीचा माणूस कुरकुरला, की उद्या अप्पाजीला स्वयंपाकही यायला लागला तर आमची जाहिरात कशी चालायची. श्रीहर्ष त्याला म्हणाला, "त्याच्या आमटीत तुमचाच मसाला घालू की." बोलणी दोन-तीनदा फिसकटली आणि शेवटी जुळली. कोप्पीकर रोडवरचा फलक मात्र पीठ लागलेल्या नाकासकट तसाच उभा होता. पुढेही बरेच दिवस राहिला. अप्पाजी चुका करायचा थांबला नाही. आता तो अति उत्साहानं चुकायचा. पोरीच्या डब्यात एवढं भरायचा की झाकण लागायचं नाही. पालकसभेत इतके प्रश्न विचारायचा की मिस पळ काढायच्या. लोक हसत होतेच.

खऱ्या पालकसभेत दीपश्री मिसनी धम्मानंदला बाजूला घेतलं. "त्या दिवशी माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "माझे अप्पासुद्धा मला शाळेत सोडायचे, सायकलवरून. मीच विसरले बघा." मग आजवर फक्त ऑफिसात असलेला त्याचा नंबर त्यांनी आपल्या मोबाइलमध्येही लिहून घेतला.

एका दुपारी यार्डात लॉरी रिकामी झाल्यावर यल्लप्पा नावाचा हमाल त्याच्याजवळ घुटमळला. दणकट गडी, एरवी मोठ्यानं बोलणारा. आज आवाज खाली.

"अण्णा, बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. दोन पोरी माझ्याकडं. केस मोकळे सोडून पाठवतो, तर शाळेतून रोज बोलणी खातात. ते तुमचं टीव्हीतलं... ते खरंच येतंय काय तुम्हाला?"

"येतंय की. बस हितं."

धम्मानंदनं पोत्याच्या सुतळीचे तीन पदर काढले, एक टोक लॉरीच्या कडीला बांधलं आणि दुसरी टोकं यल्लप्पाच्या हातात दिली. भोवती चार हमाल जमले. कुणीतरी थट्टा केली. यल्लप्पा वरमला आणि हातातली सुतळी सोडू लागला.

"हसू दे त्यांना," धम्मानंद म्हणाला. "तू डावी घे मधलीवर. आता उजवी. एवढं करकचून ओढू नको, पोरगी रडंल."

थट्टा करणारा थोड्या वेळानं खाली वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "थांब, परत दाखव. हळू."

दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लप्पा जरा उशिरा आला. एक वेणी वाकडी झाली होती, तो सांगत होता, आणि धाकटीनं मध्येच डोकं हलवल्यामुळं दुसरी अर्ध्यातून परत घालावी लागली. पण पोरी तशाच ऐटीत शाळेत गेल्या होत्या.