गौराबाईने घेतलेला विडा

त्या चैत्रात गौराबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. भाकरी थापायला बसायची, ती तव्यावर टाकून ओट्यावर यायची, नळाकडे बघायची, पुन्हा आत जायची; तोवर भाकरी करपलेली असायची. एरवी शेजारची सोनुबाई भिंतीपलीकडून ओरडली असती, "गौरे, काय जाळतेस गं?" पण सोनुबाईने तोंडाला कुलूप घातलं होतं आणि गौराबाईचं खरं दुखणं तेच होतं. करपलेली भाकरी माणूस खातो. शेजारणीचा अबोला गिळता येत नाही.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. कर्जतला उल्हास नदीच्या अंगाला लडकूशेटची चाळ होती. एका रांगेत आठ खोल्या, पुढे सलग ओटा, ओट्यापुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला सगळ्यांत मिळून एक नळ. चाळ म्हणजे काही राजवाडा नव्हता. पावसाळ्यात कौलं गळायची, उन्हाळ्यात नळ रुसायचा आणि भांडणं बारा महिने चालायची. तरी त्या अंगणात पापड वाळले होते, पोरं रांगली होती, बारशी आणि लग्नं झाली होती. लडकूशेट गेले आणि त्यांच्या पोरांनी ती चाळ जयवंताला विकली.

जयवंता मूळचा कळंबचा. वीटभट्टीवर पैसा केला, नदीपलीकडे दहिवलीत बंगला बांधला आणि मग बिल्डर झाला. बिल्डर हा शब्द तेव्हा कर्जतात नवाच होता आणि जयवंता तो स्वतःच्या नावाआधी लावायचा. चाळ पाडून तिथे मुंबईच्या लोकांसाठी चार मजली इमारत उठवायची, असा त्याचा बेत होता. भाडेकरूंनी रोख पैसे घ्यावेत आणि जावं. नाहीतर इमारत होईल तेव्हा चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूची एकेक खोली घ्यावी. पण आठही भाडेकरूंनी आपणहून कागदावर अंगठे दिल्याशिवाय त्याला एक वीट हलवता येत नव्हती.

तेव्हा अंगणात बैठक बसली. कागद कारखान्यात कामाला असलेला सहदेव चाळीत जाणता. तो म्हणाला, "कोनी एकट्यानं त्याच्या दारात जायचं नाय. हो म्हनायचं तं सगळ्यांनी, नाय म्हनायचं तं सगळ्यांनी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गौराबाई तर पुढे सरसावून बोलली. "चौथ्या मजल्यावर लगीन निघालं तं मांडवाची मेढ कुटं रोवायची रं? मांडवाचा पयला खांब मातीत नको?"

"डालड्याच्या डब्यात वाळू भरू, मावशी, आन त्यात रोवू," टेंपोवाला धाकलू म्हणाला आणि अंगण हसलं. गौराबाईही हसली. पण ते बोलणं तिला लागलं, कारण मेढ रोवण्यापासून मांडव उतरेपर्यंतचं सगळं तिचंच राज्य होतं.

गौराबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागून येतो. आधी येते ती धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना मांडवात बोलवायचं, तिच्या गाण्यावर हळद लागायची, तिने सांगितलं की नवरीने उठायचं, बसायचं आणि रडायचंसुद्धा. हे सगळं ती सासूकडून, बायजाकडून शिकली. बायजा करडी बाई. गाणं शिकवायच्या आधी तिने नेम शिकवला होता: "नारळ-सुपारीचा विडा घेतलास की ते घर तुजं. मांडव उतरंपर्यंत त्या घराला उलटा शबूद बोलायचा नाय. आन घेतला विडा परत करायचा नाय. केलास, तं पुन्ना कुनाच्या मांडवात उभी राहू नको. त्या नवरीला बोल लागतो, तिचा संसार नासतो."

विडा परत करायची वेळ गौराबाईवर कधी आली नव्हती. उलट अलीकडे विडाच येत नव्हता. गावोगाव लाउडस्पीकर झाले होते, त्यावर कॅसेट लावली की हळद उरकायची. गेला लग्नसराईचा हंगाम ती ओट्यावर बसून होती. या हंगामातही कोणी फिरकलं नव्हतं. रोज सकाळी घसा साफ करायची सवय मात्र सुटली नव्हती, आणि कुणी विचारलं तर ती म्हणायची, खोकला झालाय.

बैठकीला आठवडाही झाला नसेल, जयवंता स्वतः दारात आला. हातात ताट, ताटात नारळ, सुपारी, पानं आणि नवा खण.

"मावशी, माज्या लग्नात तुमीच उभ्या होत्या," तो वाकून पाया पडत म्हणाला. "आता जनीचं लगीन काढलंय. तिला बी तुमीच पायजे. कॅसेट-बिसेट आपल्याला चालत नाय."

गौराबाईने ओला हात पदराला पुसला आणि विडा घेतला. चाळीची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि तिने ती बाजूला सारली. दोन वर्षांनी कुणीतरी तिच्या दारात ताट घेऊन उभं होतं. तिला आनंद झाला, लहान पोरीसारखा झाला. बाकीच्या सातही दारांतून चाळ बघत होती, ते तिला दिसत होतं, आणि त्या घटकेला तेही तिला गोडच वाटलं.

दुसऱ्या दिवशी टेंपो उभे राहतात तिथल्या चहाच्या टपरीवर जयवंता एवढंच म्हणाला, "गौरामावशीनं माजा विडा घेतला." लबाड माणूस खोटं बोलायचे कष्ट घेत नाही. बैल विकायचा असो की सोयरीक जमवायची असो, आपल्याकडे विडा घेतला म्हणजे बोलणं पक्कं. ऐकणाऱ्यांनी पुढचं आपापलं जोडून घेतलं. धाकलूने तर दुपारीच जाऊन अंगठा दिला. "जी म्होरं होऊन बोलत होती तीच फुटली," तो म्हणाला, "मंग आपन मागं राहून काय करवंटी घ्यायची?"

संध्याकाळी सहदेव तिच्या ओट्यापाशी आला. "विडा कसला घेतलात, गौरावयनी?"

"लग्नाचा. त्याच्या जनीच्या."

"बरं. मंग चौघांत येऊन बोला, जयवंता आपल्याला फसवतोय म्हनून. तुमचं ऐकतील."

गौराबाईला वाटलं, जनीच्या बापाला लबाड म्हणायचं? विडा घरात देवापुढे असताना? तिने खाली मान घातली. सहदेव निघून गेला. तिच्या गप्प बसण्याचा त्याने जो अर्थ काढला तो कुणीही काढला असता.

तेव्हापासून तिचे हाल सुरू झाले. ती नळावर गेली की बोलणं थांबायचं. तिच्या हंड्याला कुणी हात लावत नव्हतं आणि तिला कुणी पुढेही घेत नव्हतं. ओट्याच्या टोकाच्या हिरूने अंगठा दिला आणि त्याची बायको गोधड्या बांधायला लागली. ते गाठोडं दिसलं की गौराबाई मान फिरवायची. ती बाजारात जायची, काही न घेता परत यायची. देवापुढे बसायची, विडा दिसला की उठायची. आज आणखी कोण जाईल? आपल्या गप्प बसण्याने हे अंगण रिकामं होतंय, हे तिला कळत होतं, आणि बोलायला तोंड नव्हतं. एकदा वाटायचं, सासूचा नेम गेला खड्ड्यात. लगेच वाटायचं, नेम गेला तर आपल्यापाशी राहिलं काय?

शेवटी एका सकाळी तिने खणात नारळ-सुपारी गुंडाळली आणि पुलावरून दहिवलीला गेली.

जयवंताची म्हातारी आई, मोतीबाई, पडवीत हळदीचे तांदूळ निवडत होती. "ये गं गौरे, बस," ती म्हणाली. गौराबाई बसली नाही. तेवढ्यात जयवंता बाहेर आला.

"तू चाळीत चल," गौराबाई म्हणाली. "सगळ्यांम्होरं सांग, विडा लग्नाचा होता म्हनून."

"मी वायलं काय सांगितलं, मावशी? विडा घेतला एवढंच बोललो."

"मंग आता पुरं बोल."

"लगीन होऊ द्या, बोलतो की." मग त्याने आवाज उतरवला. "हे बगा, तुमाला चौथा मजला नको. तळमजल्याला खोली देतो. म्होरं हातभर अंगन सोडतो, मेढ रोवा, तुळस लावा. बाकीच्यांना सांगू नका."

गौराबाईच्या डोळ्यांपुढे ते अंगण उभं राहिलं, खोटं कशाला बोला. माती, मेढ, आणि वर चौथ्या मजल्यावर सोनुबाई गुडघे धरत जिना चढतेय. तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने खण मोतीबाईपुढच्या सुपावर ठेवला.

मोतीबाईचा निवडता हात थांबला. काय झालं ते तिला आधी कळलं, मुलाला नंतर. "गौरे, उचल तो. पाया पडते तुज्या. पोराचं त्याचं तो निस्तरंल, पन नातीच्या लग्नाचा विडा गं! असं कोन करतं?"

"त्यानं त्या विड्यानं माजी चाळ मोडली, मोतीवयनी."

तेवढ्यात आतून जनी आली. सतरा-अठराची पोर, लग्नाच्या आनंदात. सुपाकडे तिचं लक्षही गेलं नाही. "धवलारीनमावशी, मना हलदीला कवा बसवायची? सांजचीच ना?"

गौराबाईला वाटलं, उचलावा विडा आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा. ती तशीच मागे फिरली. पुलावर येईपर्यंत तिने वळून पाहिलं नाही आणि रडूही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

बाया नळावर होत्या. गौराबाई अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "जयवंताचा विडा परत दिला. तो लग्नाचा होता, तवा बी सांगितलं. आता मी त्या घराची कोनी लागत नाय. त्यानं मला वापरली आन तुमाला फसवलं. आता मोकळ्या तोंडानं बोलते."

वाटलं होतं, बाया जवळ येतील. सोनुबाईचा हंडा भरून वाहत होता, तिकडे तिचं ध्यान नव्हतं. "परत दिलास?" ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडून गौराबाईसाठी शब्द निघाला, तो हा. "लग्नाचा विडा? अगं सटवे, पोरीचा काय गुना?"

"मंग काय करू? ठेवला तं तुमी मेलात, दिला तं ती मेली!"

सोनुबाईने नळ बंद केला. विडा परत केलेल्या धवलारणीला पुन्हा कुणी बोलवत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. या बाईने चाळीसाठी स्वतःचं गाणं मोडलं, हे हळूहळू एकेकीच्या ध्यानात आलं. सोनुबाईने गौराबाईचा रिकामा हंडा उचलून नळाखाली लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव उरलेल्या सगळ्यांना घेऊन दहिवलीला गेला आणि एकदाच नाही सांगून आला. धाकलू आपला कागद मागायला गेला, तो काही मिळाला नाही. दोन दिवस तो जयवंताला आणि स्वतःला शिव्या देत फिरला. चाळ उभी राहिली. जयवंताची इमारत पुढे कुठेतरी शेलूच्या बाजूला उठली म्हणतात.

जनीच्या हळदीच्या दिवशी दुपारपासूनच नदीपलीकडून लाउडस्पीकर वाजत होता. गौराबाईने दार लावून घेतलं, उघडलं, पुन्हा लावलं. ऊन उतरलं तशी ती बाहेर येऊन ओट्यावर बसली. पलीकडे कॅसेट लागली होती, कुठल्यातरी सिनेमाची. पोरीला हळदीला बसवली असणार आणि देवांना कुणी बोलावलंच नाही, या विचाराने ती कासावीस झाली. मग बसल्या बसल्या तिच्या तोंडून ओळ निघाली, अगदी खालच्या आवाजात.

येगो येगो हळदी माते, मांडवाच्या दारी,
आमची जनी बसलीया गं पाटाच्या वरी.

धवलारणीची ओळ मागून दुसरीने झेलायची असते. गौराबाई त्यासाठी थांबली नव्हती, पण शेजारून ओळ झेलली गेली. सोनुबाई कधी येऊन बसली ते तिला कळलं नाही. दोघींनी ओळीमागून ओळ म्हटली, सगळ्या देवांना बोलावलं, हळद लावली, पोरीला पाटावरून उठवली. पलीकडे यातलं काही ऐकू गेलं नसेल. लाउडस्पीकर फार मोठा होता.

गाणं संपलं तेव्हा सोनुबाई म्हणाली, "गौरे, दोन वर्सांनी माज्या चिंधीचं लगीन निघंल. कोन काय म्हनंल ते म्हनू दे. मी तुज्याकडं विडा आनीन. याच अंगनात मेढ रोवू."

गौराबाईने तिचा हात हातात घेतला. किती दिवसांनी तिचा जीव जागेवर आला होता.

"नको आनू गं," ती म्हणाली. "मी घेनार नाय. चिंधीला बोल लागंल."